आईला भेटवणारा काढा

ही केस कुठल्याही पोलीस ठाण्याच्या दप्तरात सापडणार नाही. हिला गुन्हा रजिस्टर नंबर नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही, पंचांच्या सह्या नाहीत. तरीही नोकरीतल्या भल्याभल्या केसेस विसरलो आणि ही मात्र डोक्यातून हलायला तयार नाही. नोकरीत अंगावर वर्दी होती, हाताखाली माणसं होती, कायदा पाठीशी होता. या केसमध्ये माझ्याजवळ चहाचा कप सोडला तर काही म्हणजे काही नव्हतं.

नावं मी कोणाचीच सांगणार नाही. त्यातली माणसं आजही तिथेच नोकऱ्या करताहेत, पोरं शाळेत जाताहेत.

महाराष्ट्र पोलिसांतून वरिष्ठ निरीक्षक म्हणून मी निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं अमली पदार्थविरोधी पथकात गेली. घरी बसायची सवय नव्हती. थोड्याच दिवसांत आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघराची झडती घेणं बंद करा, नाहीतर कुठेतरी कामाला तरी लागा." ओळखीतून शारजाला, हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात सिक्युरिटी मॅनेजरची नोकरी मिळाली. गेटवरची ये-जा, ट्रकांची तपासणी, पेंगणाऱ्या गार्डना जागं करणं. काम ठाणे अंमलदाराचंच, फक्त ओरडायचं हिंदीत. राहायला अल मजाजला, लगूनच्या काठावरच्या एका टॉवरमध्ये फ्लॅट मिळाला.

समोरच्या दारात मराठी कुटुंब होतं. नवरा रास अल खैमाच्या एका टाइल्स कंपनीत सेल्समध्ये, रोज गाडीने जाऊन-येऊन. बायको शारजातच एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सला. त्यांची लेक दहावीत. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा करार होता. ही अकाउंट्सवाली शेजारीण चाळिशीची, पण पहिल्या दिवसापासून मला काका आणि आमच्या हिला काकू म्हणू लागली. हे सगळं तिच्याबद्दल आहे.

आदल्या वर्षी तिची आई गेली. माहेर कऱ्हाडकडचं. त्या वेळी तिने नोकरी बदलली होती आणि व्हिसाचं काम मधेच अडकलेलं. बाहेर पडली असती तर परत येणं मुश्कील झालं असतं. म्हणून अंत्यसंस्कारही तिने मोबाइलवर पाहिले आणि दिवसवारही. तिथे हे नवीन नाही. त्या टॉवरमध्ये दर दोन-तीन मजल्यांवर असं एखादं घर सापडेल. चार दिवस शेजारीपाजारी डबे देतात, ऑफिसात लोक 'सो सॉरी' म्हणतात, आणि रविवार संपला की यल्ला, चला, पुन्हा कामाला. ही मात्र त्यातून बाहेर आली नाही. झोप उडाली, खाणं सुटलं. नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं, मनाला उभारी येण्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू ती हसायला-बोलायला लागली. आम्हाला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

पोलिसाला टीप कुठून मिळेल याचा नेम नसतो. पानवाला देतो, न्हावी देतो, रागावलेली बायको देते. या वेळची टीप माझ्याच बायकोने दिली, आणि ती रागावलेली नव्हती हे विशेष. ती समोरच्या घरी डबा द्यायला गेली होती, तो तसाच भरलेला घेऊन परत आली.

"अहो, त्या पोरीचं काहीतरी बिनसलंय."

"काय झालं?"

"उपवास आहे म्हणाली. म्हटलं, मग खिचडी टाकते साबुदाण्याची. तर म्हणते, नको काकू, मीठ चालत नाही. बरं, रताळं उकडून देते, दह्याबरोबर खा. तर दही चालत नाही. लोणचं नाही, चीज नाही, साखर नाही, तळलेलं नाही. मी म्हटलं, अगं, हा उपवास आहे तरी कोणाचा? कोणत्या देवाला दही चालत नाही? तर म्हणते, आत्मशुद्धीचा आहे."

मी पेपर खाली ठेवला.

"आणखी काय म्हणाली?"

"हात थरथरत होते हो तिचे. मी विचारलं, गोळ्या घेतेस ना वेळेवर? तर म्हणाली, बंद केल्या, आता त्यांची गरज नाही. आणि शनिवारी रास अल खैमाला कुठे तरी जायचंय म्हणे, योगाच्या शिबिराला."

आता माझ्या डोक्यात का वाजलं ते सांगतो. पथकात असताना गोव्याच्या हद्दीजवळ एका रिसॉर्टवर आम्ही छापा घातला होता. तिथल्या आचाऱ्याचा जबाब मी स्वतः घेतला. बिचारा पुरता वैतागलेला. म्हणाला, "साहेब, काय सांगू! हे लोक आठ दिवस बिनमिठाचं खातात. लोणचं नको, दही नको, चीज नको. माझ्या हाताला चवच राहिली नाही. आणि मग एका रात्री कसलासा काढा पितात आणि सकाळपर्यंत ओकतात!" तो काढा परदेशातल्या एका वेलीचा होता. प्यायल्यावर माणसाला डोळे मिटले तरी नाही नाही ते दिसतं. हे पथ्य म्हणजे नुसतं थोतांड नसतं, हे आमच्या रासायनिक विश्लेषकाने तेव्हा समजावलं होतं. काही आंबवलेले पदार्थ आणि त्या काढ्याचं वैर असतं. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांशी तर फारच मोठं वैर. दोन्ही पोटात एकत्र आली तर माणूस दगावू शकतो. म्हणून काढा देणारे आधी गोळ्या बंद करायला सांगतात. आणि आजारी माणसाने गोळ्या अशा एकदम तोडल्या, तर तोही जिवाशीच खेळ.

त्यातून हे चाललंय अमिरातीत. तिथे अमली पदार्थाच्या बाबतीत कायदा कोणाचा मामा नाही. सोबत सापडला तर गुन्हा, आणि अंगात सापडला तरी गुन्हा. नोकरी, व्हिसा, नवरा, दहावीतली पोर, सगळं एका पेल्यात बुडणार होतं.

नवशिका फौजदार असता तर तडक समोरची बेल वाजवून 'काय गं, काय चाललंय' म्हणाला असता. ही चूक करू नये. जो अडकलाय त्याला शेवटी विचारायचं. आधी कडेला उभा असलेला माणूस गाठायचा, ज्याला वाटतं की आपलं यात काही जात नाही.

असा एक माणूस माझ्याच कारखान्यात होता. आमचा एचआर मॅनेजर, पुण्याचा. पोरगा चांगला, कामगारांच्या अडीअडचणीला धावणारा. पण त्याला नवनवी वेडं होती. एकदा सायकलिंग, एकदा बर्फाच्या पाण्यात बसणं. मध्यंतरी मला म्हणाला होता, "सर, एकदा आमच्या सर्कलला या. पोलिसांकडे तर किती ट्रॉमा साठलेला असतो." मी म्हटलं होतं, माझा ट्रॉमा पेन्शनमध्ये जमा झालाय. शेजारीण आणि तो एकाच मराठी मंडळातले, हे मला ठाऊक होतं.

त्याला केबिनमध्ये चहाला बोलावलं. चौकशीचा माझा एक नियम आहे. पहिल्या कपाला मुद्द्याचं बोलायचं नाही. मी पार्किंगबद्दल विचारलं, नव्या बसच्या वेळा विचारल्या. दुसरा कप आला, तेव्हा म्हटलं, "शनिवारी रास अल खैमाला किती गाड्या निघताहेत रे?"

तो चमकला. "सर, तुम्ही येताय?"

"आधी कळू तर दे, काय काय होतं. म्हातारा माणूस आहे मी, तयारीने आलेलं बरं."

गडी खुलला. माणसाला आपल्या आवडीचं सांगायला मिळालं की पोलिसाला फक्त मान डोलवायची असते.

"सर, एक फार्महाउस आहे. सगळे पांढऱ्या कपड्यात येतात. आल्यावर फोन एका बास्केटमध्ये टाकायचे. मग गोल बसून प्रत्येक जण आपलं इंटेन्शन सांगतो. म्हणजे मी इथे का आलोय, मला काय हवंय."

"संकल्प सोडायचा."

"एक्झॅक्टली सर! मग गाइड एकेकाला पुढे बोलावून कप देतात. चव फार वाईट असते. प्यायचं आणि आपापल्या मॅटवर डोळ्यांना पट्टी लावून आडवं व्हायचं. म्युझिक चालू असतं. थोड्या वेळाने सुरू होतं. रंग दिसतात, नक्ष्या दिसतात, मग लहानपणीच्या गोष्टी, गेलेली माणसं. कोणी हसतं, कोणी ओरडतं. बहुतेकांना उलटी होते, त्यासाठी प्रत्येकाजवळ बादली असते. कोणी फारच घाबरलं तर हेल्पर हात धरून बसतो. सकाळी सगळे आपापलं काय दिसलं ते सांगतात, मिठ्या मारतात, फळं खातात. खलास."

"तू घेतलायस?"

"एकदा सर. इथे नाही, दुसऱ्या देशात."

"काय दिसलं?"

"माझे वडील दिसले. सायकलवर बसलेले. बोलले काही नाहीत. बघून हसले फक्त."

मी थट्टा करायच्या बेतात होतो, पण त्याचं तोंड बघून गप्प बसलो. नशा करणारे मी हजारोंनी पाहिले. असं तोंड करून कोणी सांगितलं नव्हतं. मग मी आवाज बदलला.

"गोळ्या घेणाऱ्यांचं काय करता?"

"गाइड सांगतात, आधी बंद करा. बॉडी क्लीन पाहिजे."

"कोणत्या डॉक्टरला विचारून?"

"गाइडना खूप अनुभव आहे सर."

"मी डॉक्टर विचारला. तिथे डॉक्टर असतो का?"

"नाही सर. पण हे ड्रग्ज नाहीत. प्लँट मेडिसिन आहे, नॅचरल."

"अफू काय कारखान्यात तयार होते का रे? गांजा काय मशीनमधून निघतो?"

तो खाली बघायला लागला. मग मी त्याला कायदा समजावला. परदेशात काही ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली असल्या औषधांचे प्रयोग चाललेत, हे मीही वाचलंय. तिथे रक्तदाबापासून मनापर्यंत सगळं आधी तपासतात, शेजारी डॉक्टर बसतो, आणि तिथल्या सरकारची परवानगी असते. इथे एक परका माणूस, एक फार्महाउस आणि बादल्या. रात्री कोणाचा श्वास अडकला तर अॅम्ब्युलन्स बोलवायची हिंमत तुमच्यातला कोण करणार होता? एवढं विचारल्यावर त्याने रुमाल काढून कपाळ पुसलं.

"सर, तिला मी नाही आणलं," तो आपणहून म्हणाला. मी तिचं नावही घेतलं नव्हतं. "मी मंडळात नुसता माझा अनुभव सांगितला. ती नंतर येऊन विचारायला लागली, गेलेलं माणूस भेटतं का? मी गाइडशी बोलणं करून दिलं. ते म्हणाले, आईला भेटशील, पण गोळ्या सोडाव्या लागतील."

मी त्याला एकच सांगितलं. आजच्या आज त्या गाइडला फोन लाव आणि म्हण, एका रिटायर्ड नार्कोटिक्सवाल्याला सगळं कळलंय. पुढे काय करायचं ते त्याला बरोबर समजेल.

समजलंच. दुसऱ्या दिवशी गाइडसाहेब विमानात बसून पसार. काही वाचक विचारतील, तुम्ही तिथल्या पोलिसांना का कळवलं नाही? माझ्याजवळ ऐकीव माहितीखेरीज काही नव्हतं, आणि कळवलं असतं तर आधी त्या पोरीच्या दारावर थाप पडली असती. ज्याला हे पटणार नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

पण केस इथे संपली नाही. जाताना त्या माणसाने सगळ्यांना मेसेज टाकला, की पुढचं सर्कल दुसऱ्या देशात, ज्यांची ओढ खरी आहे त्यांनी तिकडे यावं. आणि आमची शेजारीण रजा टाकून मोकळी! नवऱ्याला म्हणाली, योग शिबिराची जागा बदलली. गोळ्या बंदच. आता तर डोकं गरगरतं, मधेच झटके आल्यासारखं होतं म्हणत होती, आणि भिंतीला धरून चालत होती.

शुक्रवारी दुपारी आमच्या हिने तिला बोलावून घेतलं. नवरा आणि लेक मॉलमध्ये गेले होते. खाली रस्त्यावर नमाजानंतरची सामसूम. आमची ही मटार सोलत बसली होती, शेजारीणही सवयीने चार शेंगा घेऊन सोलायला लागली. मी समोर बसलो आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाळा, मला सगळं माहीत आहे. काढा, फार्महाउस, गाइड, आणि आता विमानाचं तिकीट."

ती आधी पांढरी पडली, मग चिडली. "काका, तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत?"

"ठेवली."

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला सगळीकडे गर्दुल्लेच दिसतात. मी नशा करायला नाही चाललेय."

"मग कशाला चाललीयस? तुझ्या लेकीला कोण सांगणार, आई कुठे पडलीय ते?"

तिने ओठ घट्ट मिटले. हे मिटलेले ओठ मी ओळखतो. दमदाटीने ते उघडत नाहीत. मी पुढचा प्रश्न शोधत होतो, तेवढ्यात आमच्या हिने मान वर न करताच विचारलं, "आई भेटली, तर काय विचारणार आहेस गं तिला?"

बत्तीस वर्षं मी खात्यात काढली, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

शेजारणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "काय राहिलं, ते विचारणार आहे."

"म्हणजे?"

"काकू, दहाव्याला कावळा शिवला नाही."

मग सगळं बाहेर आलं. घाटावर पिंड ठेवले. भाऊ व्हिडिओ कॉलवर तिला दाखवत होता. कावळे आजूबाजूला होते, पण एकही पिंडाला शिवेना. भावाने हात जोडून सांगितलं, घर सांभाळतो. काकाने सांगितलं, शेताचं बघतो. वहिनीने सांगितलं, अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, सगळं करते. कावळा ढिम्म. मग मागून कोणी तरी बाई म्हणाली, आणि ते हिला फोनवर स्वच्छ ऐकू आलं: "लेकीत अडकलाय जीव. लेक आली नाही ना." शेवटी ऊन चढलं, भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि मंडळी उठली.

"वर्ष झालं काका," ती म्हणाली. "मी व्हिसाचा विचार केला आणि आईला तशीच अडकवून ठेवली. गोळ्या घेऊन झोप येते, पण ते राहतंच ना? तिला एकदा विचारायचंय, काय राहिलंय. ती सांगेल ते करीन. मग मेले तरी चालेल."

ती रडत नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. आमची ही डोळ्याला पदर लावून बसली होती. मी स्वतः कावळाबिवळा फारसं मानणारा नाही. पण समोरचं माणूस मानत असेल, तर ते खोटं आहे असं सांगून काहीही हाती लागत नाही, एवढं मला नोकरीने शिकवलंय. तिच्या दृष्टीने ही तक्रार होती. तक्रार आली की तपास करायचा.

"तो कॉल रेकॉर्ड केला होतास?"

केला होता. वर्षभर ती तो बघत होती. ऑफिसच्या बाथरूममध्ये बघायची, गाडीत बघायची. मी चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेतला.

घटनास्थळी गेलं की सगळे प्रेताकडे बघतात. नोकरीतले आमचे पहिले साहेब मात्र आम्हाला ओरडायचे, प्रेत कुठे पळून जात नाही, आधी दारं-खिडक्या बघा. ती वर्षभर पिंडाकडे बघत होती. मी पिंड सोडून बाकीचं बघितलं. पायरीवर पत्रावळ, पलीकडे दगडी कठडा, कठड्यावर कावळे. कोवळं ऊन पाठीमागून आलेलं. आणि पत्रावळीवर एक सावली होती, हात लांब केलेल्या माणसाची.

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. आता कान देऊन ऐकलं. कावळ्यांची कावकाव जवळ येते, एक कावळा पायरीवर उतरतो, आणि फोनमधून एक रडवेला आवाज येतो, "अरे, जवळ धर ना, नीट दिसत नाहीये." सावली पुढे सरकते. कावळा उडून जातो. कोणी म्हातारा ओरडतो, "मागं सरा की रं." सावली हलत नाही. थोड्या वेळाने पुन्हा कावळा, पुन्हा तोच आवाज, "जवळ धर रे," आणि पुन्हा सावली पुढे.

शेजारीण माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने तोंडावर हात ठेवला. "काका, हा तर माझा आवाज आहे."

"हो."

"मीच म्हणतेय."

"हो. तुझ्या आईला काही राहिलं-बिहिलं नव्हतं बाळा. पिंडापाशी माणूस हात पुढे करून उभा होता. कोणता कावळा येईल?"

मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. झालं भलतंच. ती मटकन खाली बसली. "म्हणजे माझ्यामुळेच." आमच्या हिने माझ्याकडे असं बघितलं, की तशी नजर मी गुन्हेगारांकडेही कधी टाकली नसेल. केस सोडवली होती, आणि फिर्यादी हातची जाते की काय अशी वेळ आली होती. मी खरंच घाबरलो.

मग पोलिसाची सवय कामाला आली. फोन धरणाऱ्या साक्षीदाराचा जबाब राहिला होता. मी तिच्याच मोबाइलवरून तिच्या भावाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी कोण ते सांगितलं आणि सरळ विचारलं, "दहाव्याला तुम्हाला लोक मागे सरा म्हणत होते. तुम्ही का सरला नाहीत?"

मग तो म्हणाला, "ताई ऐकतीय का?"

"ऐकतेय," ती म्हणाली.

"ताई, मला कळत होतं गं. भटजी खुणा करत होते, काका तर आईवरनं शिव्या द्यायला आला होता. मी सरलो असतो तर कावळा शिवला असता. पण तू तिकडं एकटी रडत होतीस. मी म्हटलं, कावळा शिवायचा तेव्हा शिवंल, ताईला आईचं शेवटचं दिसलं पायजे. चूक माझी हाय. वर्षभर झोप न्हाई मला. तुला सांगायचं धाडस झालं न्हाई. तू म्हणशील, ह्याच्यामुळं आईचं नीट झालं न्हाई."

"अरे वेड्या, मीच सारखी म्हणत होते ना, जवळ धर, जवळ धर!"

"तू म्हणालीस, पण धरला तर मीच न्हवं?"

"नाही, माझंच चुकलं."

"ताई, गप्प बस. माझं चुकलं."

आणि मग ती हसली. हसता हसता हुंदका आला, आणि त्यानंतर जी रडली! वर्षभराचं रडली. पलीकडे तो गडीही रडत होता. रोज फोन करणारी ही दोन भावंडं. जेवलीस का, पोरीची परीक्षा कधी, अण्णांचा गुडघा कसा आहे, सगळं बोलायची. एवढी एक गोष्ट दोघांनीही काढली नव्हती. आमच्या हिने तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मटार सगळीकडे घरंगळले. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं होतं, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

संध्याकाळी नवरा आल्यावर तिने स्वतःच त्याला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या परत रीतसर सुरू केल्या आणि वर चांगलं फैलावर घेतलं. एचआरवाला पोरगा त्यानंतर मला बघितलं की रस्ता बदलायचा. त्याचे वडील त्याला खरंच भेटले असतील की नाही, मला माहीत नाही, आणि मी त्याची चेष्टाही करत नाही. माणसं असल्या काढ्याकडे का जातात, याबद्दलचं माझं मत मात्र त्या दुपारी बदललं. मी आयुष्यभर समजत होतो की नशेला जातात. काही जण तिथे एखादा प्रश्न विचारायला जातात, जो घरात कोणाला विचारता येत नाही.

आणि एक गोष्ट मी तिथे शिकलो. नोकरीत सख्ख्या भावांना एकमेकांच्या अंगावर गुन्हा ढकलताना बघत आलो. बायको नवऱ्यावर ढकलते, पोरगा बापावर. लॉकअपच्या दारात मायेची माणसंसुद्धा बोट दुसरीकडे दाखवतात, आणि हळूहळू मला वाटायला लागलं होतं की माणसाची जातच तशी. त्या दिवशी माझ्या हॉलमध्ये एक बहीण आणि तीन तासांच्या विमानावर असलेला एक भाऊ, दोघंही म्हणत होते, चूक माझी आहे, आणि दुसऱ्याला ती घेऊ देत नव्हते.